टी-शर्टाचे उत्तरायुष्य

वस्त्र जीर्ण झाले म्हणजे माणूस ते टाकून देतो आणि नवे धारण करतो, असा एक दृष्टांत भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आला आहे. परंतु हा दृष्टांत कुरुक्षेत्रावर दिला गेला होता, सदाशिव पेठेत नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ज्या शहरात लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झाले आणि ज्या शहरात गीतेचे अठरा अध्याय मुखोद्गत असलेली मुले बक्षीस समारंभांतून आजही आढळतात, त्याच शहरात जीर्ण वस्त्र टाकून दिल्याचा एकही विश्वसनीय दाखला का सापडत नाही, याचा उलगडा होतो. आत्मा अमर आहे हे आम्ही पुणेकर शब्दप्रामाण्याने मानतो. वस्त्र अमर आहे हे मात्र स्वानुभवाने जाणतो.

वाड्यांच्या काळी या अमरत्वाला एक शिस्त होती. आजीचे सुती नऊवारी लुगडे विटले म्हणजे ते सणावारातून रोजच्या नेसण्यात येई. मधोमध विरले म्हणजे विरलेला भाग काढून टाकून उरलेल्या दोन तुकड्यांना दंड घालून ते पुन्हा कामावर रुजू करून घेतले जाई. दंडही उसवला की त्याची रवानगी गोधडीच्या खात्यात होई, अथवा घरात पाळणा हलायचा असेल तर त्याच्या मऊपणाचा विचार करून दुपटी, झबली आणि लंगोट या बालविभागात त्याची नेमणूक होई. तेथून मसोते, मसोत्याचे पोतेरे, आणि पोतेऱ्याचेही धागे सुटू लागले म्हणजे रॉकेलात बुडवून बंब पेटवण्यासाठी त्याचा बोळा होई, व त्या दिवशी त्याचा जमाखर्च बेबाक झाला असे समजले जाई. या दीर्घ सेवेत ज्येष्ठतेचा क्रम कधीही मोडला जात नसे. मसोत्याने गोधडीच्या पंक्तीला बसू नये आणि पोतेऱ्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये, हे नियम कोठेही लिहून ठेवलेले नसताना पेशवे दफ्तरातील कोणत्याही जाबत्यापेक्षा अधिक कसोशीने पाळले जात.

या सुव्यवस्थित राज्यात टी-शर्ट आला आणि सारी घडी विस्कटली.

त्याची पूर्वपीठिका पाहिली तर ती काही फार प्रतिष्ठित नाही. अमेरिकन नौदलाने 1913 च्या सुमारास आपल्या खलाशांना गणवेशाच्या आत घालण्यासाठी बिनकॉलरचे व बिनगुंड्यांचे जे पांढरे बनियन मुक्रर केले, तेच याचे मूळ. पुढे 1951 साली ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो या नटाने हे आतले वस्त्र बाहेर आणले आणि जगातील तरुण वर्गाला त्यात बंडखोरी दिसली, असे इतिहासकार सांगतात. परंतु आमच्या शनिवार-नारायण पेठांतील पेन्शनर मंडळी त्याच्याही पूर्वीपासून वाड्याच्या ओट्यावर निव्वळ बनियनवर बसून संध्याकाळपर्यंत साम्राज्याच्या धोरणावर टीका करीत असत, आणि त्यात कोणाला बंडखोरी तर राहोच, साधा औचित्यभंगसुद्धा दिसला नव्हता. ब्रँडोला जे श्रेय मिळाले ते छायाचित्रकार हजर असल्यामुळे मिळाले, इतकेच म्हणता येईल.

पुण्यात टी-शर्ट विकत घेतला जातो, असा एक समज फॅशन स्ट्रीटवरील विक्रेत्यांनी जोपासला आहे. प्रत्यक्षात तो विकत घ्यावा लागत नाही, तो येतो. 1983 पासून चालत आलेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनच्या पाठोपाठ या शहरात धावण्याच्या इतक्या शर्यती निघाल्या, की जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबून हवामानाविषयी मत व्यक्त करणाऱ्या गृहस्थाच्या घरीदेखील नोंदणीच्या पावतीवर टी-शर्ट येऊन पडतो. हिंजवडीच्या कंपन्या नवा प्रकल्प सुरू झाला म्हणजे टी-शर्ट देतात आणि तोच प्रकल्प बंद पडला म्हणजे मने सांभाळण्यासाठी पुन्हा देतात. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 साली सुरू झाली त्या काळी आरोळ्या देणारे विद्यार्थी आपापल्या सदऱ्यांत येत. आता भरत नाट्य मंदिरात एकेका महाविद्यालयाचा जथा एका रंगाच्या टी-शर्टात बसतो आणि एकांकिका पडली तरी टी-शर्ट उरतो. रक्तदान शिबिरे, गृहकर्जाचे मेळावे, नळस्टॉपवरून निघून नळस्टॉपलाच परत येणाऱ्या सायकलफेऱ्या, आणि निवडणुका! आमच्या घरी या सर्व मार्गांनी आलेल्या टी-शर्टांनी कपाटाचा एक संपूर्ण खण प्रथम कुळ म्हणून आणि नंतर मालक म्हणून ताब्यात घेतला आहे.

खरी अडचण पुढेच आहे. लुगडे जेव्हा उत्तरायुष्यात प्रवेश करी तेव्हा ते झिजलेले असे. त्याने आपली चाकरी इमानाने पुरी केलेली असे. हा टी-शर्ट एका रविवारच्या सकाळी एकदाच अंगावर चढतो आणि दुपारी धुवून घडी होऊन खणात जातो. जीर्ण होण्याची संधीच त्याला मिळत नाही. ज्याने एक दिवसही काम केले नाही त्याला पेन्शन कोणत्या कलमाखाली द्यावी, हा पेच आमच्या पूर्वजांच्या जाबत्यात नव्हता आणि म्हणून तो सोडवण्याची रीतही त्यांनी घालून दिलेली नाही.

प्रथम आम्ही परंपरेला शरण गेलो. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचे गाठोडे घेऊन येणारी बोहारीण ही जुन्या वस्त्रांच्या बाबतीत या शहरातील सर्वोच्च न्यायपीठ आहे. तिच्यापुढे अपील नाही. मातोश्रींनी टी-शर्टांची चळत तिच्यापुढे मांडली आणि झाकणाचा डबा मागितला. बोहारणीने वरचा टी-शर्ट दोन बोटांत धरला, एकदा ताणला, सोडून दिला आणि म्हणाली, “आजी, हे बनियन-बिनियन नको. पँट असंल तर काढा. साडी असंल तर डब्याचं बोलू.” मातोश्रींनी तो नवा कोरा असल्याचे शपथपूर्वक सांगितले. त्यावर तिने दिलेले उत्तर मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही. “नवा हाय म्हनूनच कोन घेत नाई, आजी. असला नवा समद्यांकडं हाय.” निघताना मात्र तिची नजर ज्या पिशवीतून ही चळत आणली होती त्या पिशवीवर खिळली. ती आजोबांच्या टेरिकॉटच्या पँटीच्या पायाची, नाडी ओवलेली, तीन पिढ्यांचे दळण वाहून नेलेली पिशवी होती. तिच्याबद्दल बोहारीण एक वाटी द्यायला तयार झाली. मातोश्रींनी तो तह तत्काळ नामंजूर केला.

जाळून टाकण्याचा एक मार्ग असतो, आणि पुण्याला तो ठाऊक नाही असे नाही. 1905 साली सावरकरांच्या पुढाकाराने याच शहरात विदेशी कपड्यांची होळी झाली होती. पण होळी करायची तर कापड निदान विदेशी तरी हवे. आमचे बहुतेक टी-शर्ट तिरुपूरचे, म्हणजे चोख स्वदेशी निघाले, आणि चोख स्वदेशी माल फुकट मिळाला म्हणून जाळण्यात कोणतेही राष्ट्रकार्य साधत नव्हते. शिवाय एका सुती टी-शर्टामागे, कपाशीच्या शेतापासून मोजले तर, सुमारे 2,700 लिटर पाणी खर्ची पडते, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेने प्रसृत केलेला हिशेब चिरंजिवांनी जेवणाच्या ताटावर सांगितला. मातोश्रींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि इतकेच विचारले, “मग सारखा घेतोस कशाला?” यानंतर त्या आकड्याचा आमच्या घरात पुन्हा उच्चार झाला नाही.

मग चिरंजिवांनीच तिसरा मार्ग सुचवला. जुने कपडे गोळा करून पुढे पाठवण्याच्या मोहिमा आता शहरात होतात. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनेही त्या चालवल्या आहेत. अशा कपड्यांतील जे कोणाच्या अंगावर चढण्याजोगे उरत नाहीत त्यांचे पुढे काय होते, याची चौकशी करताना चिरंजिवांच्या तोंडून असे निघून गेले की या देशात जुन्या कापडाच्या चिंध्या करून, त्या पिंजून, त्यांचे पुन्हा सूत आणि सुताची घोंगडी-ब्लँकेटे करण्याचा सर्वात मोठा व्यवसाय पानिपतला आहे. हे नाव त्यांनी उच्चारायला नको होते. 1761 च्या संक्रांतीला जे झाले ते पुण्यात अद्याप कालच झाल्यासारखे आहे. “पानिपताला?” मातोश्री म्हणाल्या. “पुण्यातून आजवर पानिपताला पाठवलं ते काय कमी झालं?” आणि गाठोडे पुन्हा खणात गेले.

अशा रीतीने विक्री, दहन आणि रवानगी हे तिन्ही मार्ग खुंटल्यावर कलेचा उदय झाला. आमच्या सोसायटीच्या सभागृहात ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली एक वर्ग सुरू झाला. तो चालवणाऱ्या बाई शाळेत कार्यानुभव हा विषय शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि नारळाच्या करवंटीपासून आगपेटीच्या काड्यांपर्यंत जगातील प्रत्येक पदार्थाला दुसरा जन्म असतो यावर त्यांची अढळ निष्ठा होती. सौ.नी नाव घातले. पिशवी उचलण्यासाठी मी गेलो, आणि कबूल केले पाहिजे की बाईंनी पहिल्या अर्ध्या तासात जे सांगितले ते मला एरवी कोणी सांगितले नसते.

त्या म्हणाल्या की लुगड्याचे नियम टी-शर्टाला लागू नाहीत, कारण ही दोन वस्त्रे एका जातीचीच नाहीत. लुगडे मागावर विणलेले: उभा ताणा, आडवा बाणा. काठाशी कात्रीने जरासा छेद दिला की दोन्ही हातांनी ते टर्रकन सरळ रेषेत फाटते, आणि फाटलेल्या कडेला दशा निघतात. म्हणून त्याला दुमडून हातशिलाई करावी लागते. टी-शर्टाचे कापड मात्र फासांत फास अडकवून, स्वेटरासारखे विणलेले. ते फाटत नाही, ताणले जाते. कापले तरी दशा निघत नाहीत, कड नुसती मुरडून आत वळते. म्हणून त्याला शिवण्याची गरज नसते. उलट घरातल्या जुन्या शिवणयंत्रावर नेहमीच्या अणकुचीदार सुईने टीप मारू गेले तर मधले मधले टाके सुटतात. त्यासाठी बोथट टोकाची सुई लागते आणि टीप नागमोडी घालावी लागते. मातोश्रींच्या यंत्राने या कापडापुढे हार का खाल्ली होती आणि त्याबद्दल यंत्राला तेल पाजण्याची जी शिक्षा दरवेळी होत असे ती किती अन्यायाची होती, हे मला त्या दिवशी समजले.

वर्गातील पहिली कृती बिनशिलाईच्या पिशवीची. दोन्ही बाह्या कापून काढायच्या, गळा ऐसपैस कोरायचा, म्हणजे खांद्याच्या पट्ट्यांचे आपोआप बंद होतात. खालच्या घेराला बोटाबोटाच्या अंतराने चिरा पाडायच्या आणि पुढची पट्टी मागच्या पट्टीशी गाठ मारून बांधत जायचे. पिशवी तयार. पाहताना ती अत्यंत शोभिवंत दिसते, आणि रिकामी असेपर्यंत दिसत राहते. मी ती घेऊन मंडईत गेलो. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, जी 1886 साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने जिला त्याच जोतीरावांचे नाव मिळाले, ती ही मंडई. जुन्या वस्तूला नवा हुद्दा देऊन वापरात ठेवण्याच्या विद्येत या शहराची नगरपालिकासुद्धा मागे नव्हती, हा विचार करीत मी दोन किलो बटाटे त्या पिशवीत ओतून घेतले. कापड ताणले जाते, हे बाईंचे वाक्य येथे प्रत्ययास आले. पिशवी गुडघ्याशी होती ती पोटरीशी आली. कांदे पडल्यावर घोट्याशी आली. आणि भोपळ्याचा काप आत गेल्यावर मी चालत होतो व पिशवी माझ्या मागून फरशीवरून येत होती. तिच्यावर छापलेली ‘धावा निरोगी आयुष्यासाठी’ ही सूचना ताणामुळे इतकी रुंदावली होती की ती रस्त्याच्या पलीकडूनही वाचता यावी. एका भाजीवाल्या मावशींनी तिला खालून हात देऊन ती माझ्या कडेवर ठेवली आणि तिला तसेच घेऊन घरी जाण्याचा सल्ला दिला.

दुसरी कृती अधिक गंभीर होती. टी-शर्ट खालपासून वरपर्यंत गोल-गोल कापत गेले तर त्याची एकसंध लांबच लांब पट्टी निघते, ती ओढली की कडा आत वळून तिची गोल दोरी होते, आणि त्या दोरीचा गुंडा करून जाड क्रोशाच्या सुईने काहीही विणता येते. या शास्त्राचा दोष एवढाच की विणता येण्याजोग्या वस्तू मोजक्या असतात आणि टी-शर्ट मोजके नसतात. आमच्याकडे प्रथम दाराशी पायपुसणे झाले. ते इतके सुंदर झाले की त्यावर पाय पुसू नये म्हणून त्याच्या अलीकडे जुने पायपुसणे ठेवण्यात आले. मग कुंड्यांना झबली झाली, पाण्याच्या बाटल्यांना अंगरखे झाले, टीपॉयच्या चारही पायांना मोजे झाले. ज्या क्रोशाने एके काळी दूरदर्शन संचावर घालण्याचे रुमाल विणले होते त्याच क्रोशाचे दूरनियंत्रकाला कवच मिळाले, आणि तेव्हापासून आवाज कमी करण्याची कळ कोणती हे चाचपूनसुद्धा सापडत नाही.

वस्त्राचे पुन्हा वस्त्र करण्याचा प्रयोग त्या मानाने यशस्वी ठरला, कारण त्यात अंगावर घालणाऱ्याचे मत विचारावे लागले नाही. बाहीचे टोपडे आणि पाठीचे झबले भाचीच्या बाळाला फार छान बसले. बाळ अद्याप निरक्षर असल्यामुळे त्याच्या पोटावर एका वित्तसंस्थेचे व्याजदर छापलेले आहेत याची त्याला खंत नाही. 2020 साली तर टी-शर्टाला अकस्मात बढतीच मिळाली होती: घरोघरी त्याच्या मुखपट्ट्या कापल्या जात होत्या. दुचाकीवर निघताना डोळे तेवढे उघडे ठेवून सारे मुखमंडल ओढणीत गुंडाळण्याची विद्या ज्या शहरातील मुलींनी फार आधीच पूर्णत्वाला नेली होती, तेथे या मुखपट्टीचे कोणाला नवल वाटले नाही. थंडीत कर्वेनगरच्या वळणावर बसणारी भटकी कुत्री टी-शर्ट घालून हिंडतात, हे ज्याने त्याने पाहिलेले आहे. आमच्या गल्लीतला एक कुत्रा गेली काही वर्षे एका नामांकित सॉफ्टवेअर कंपनीचा वरिष्ठ सल्लागार आहे, आणि त्याची हजेरी चिरंजिवांपेक्षा नियमित आहे.

लुगड्यापाशी नसलेली एक गोष्ट टी-शर्टापाशी आहे, ती म्हणजे वाचा. लुगडे निमूटपणे पोतेरे होई. टी-शर्ट पोतेरे झाला तरी बोलत राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ज्याने फरशी पुसतात त्यावर ‘भविष्य आम्ही घडवतो’ असे ठळक अक्षरांत आहे; गॅसची शेगडी पुसण्याचे फडके मतदान करा म्हणून बजावते; आणि मोरीतल्या बोळ्यावर ‘नेतृत्व शिबिर’ एवढेच शब्द शिल्लक उरले आहेत. कापडाची वीण सैल होते, रंग उडतो, पण प्लास्टिकच्या शाईने छापलेली ही अक्षरे झिजत नाहीत. शिवाय ती पाणी शोषत नाहीत, म्हणून फरशी पुसताना जेथे जेथे मजकूर फिरतो तेथे तेथे ओल तशीच राहते. ज्या टी-शर्टावर बोध कमी, तो पुसायला अधिक चांगला, असे मावशींचे मत आहे आणि मला त्यात दुरुस्ती सुचत नाही.

परंतु काही टी-शर्टांपुढे कात्रीच चालत नाही. गणेशोत्सवात मंडळाचा टी-शर्ट वर्गणीदाराला मिळतो, आणि त्याच्या छातीवर प्रत्यक्ष गजानन विराजमान असतो. वारीतल्या सेवेकऱ्यांच्या टी-शर्टावर विठोबा कटीवर हात ठेवून उभा असतो. गडावर नेणाऱ्या संस्थांच्या टी-शर्टावर शिवछत्रपतींची राजमुद्रा असते. यांचे पायपुसणे होत नाही, फडके होत नाही, पोतेऱ्याचे नाव काढणेही पातक. पिशवी करायची तर गळा कोरताना कात्री मुकुटातून जाते. गोधडीत घ्यावे म्हणून गोधडी शिवणाऱ्या बाईंना विचारले, तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, की देव उशाशी घ्यायचे हे ठीक, पण रात्री झोपेत गोधडी फिरली तर? या प्रश्नावर घरात जो वाद सुरू झाला त्याचा निकाल आजतागायत तहकूब आहे. दरम्यान दर भाद्रपदात संख्या एकेकाने वाढते.

शेवटी गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दिवशी मी त्यांतील काही टी-शर्ट स्वच्छ धुवून, इस्त्री करून, हळदकुंकू वाहून नदीकाठच्या घाटावर नेले आणि महापालिकेने ठेवलेल्या निर्माल्य कलशाशी उभा राहिलो. तेथे एक तरुण स्वयंसेवक होता.

“काका, यात फक्त फुलं.”

“पण यावर गणपती आहे.”

“छापलेला आहे, काका. तो पाण्यात विरघळत नाही.”

“प्लास्टर ऑफ पॅरिसचा तरी कुठे विरघळतो?”

“म्हणून तर त्याला वेगळा हौद आहे.”

“मग टी-शर्टाचा हौद कोठे आहे?”

हा मुद्दा बिनतोड आहे हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले आणि मंडळाच्या अध्यक्षांना विचारून सांगतो म्हणाला. अध्यक्ष मिरवणुकीत होते. मागे रांग वाढत होती. अखेर मी त्याला विचारले, की बाबा रे, तुझ्या अंगात यंदाचा दिसतो आहे. गेल्या वर्षीच्याचे तू काय केलेस?

त्याने यंदाच्या भगव्याची कड किंचित वर केली. आत गेल्या वर्षीचा पिवळा होता.

“पावसात वरचा भिजला की काढून ठेवायचा,” तो म्हणाला.

“आणि पिवळ्याच्या आत?”

त्याने कड आणखी वर केली. आत त्याच्या आदल्या वर्षीचा पांढरा होता. त्यावरचा गजानन घामाने आणि धुण्याने बराच फिकट झाला होता.

“आणि त्याच्या आत?”

“त्याच्या आत कशाला काय पाहिजे, काका?” तो म्हणाला. “तोच बनियन आहे की.”